किंमत असावी, कुलूप नसावे

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एक सूचना मांडण्यात आली, ती बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. या त्रैमासिकाचे जुने अंक संगणकावर चढवावेत, मात्र वर्गणीदाराखेरीज कोणालाही ते उघडता येऊ नयेत, अशी ती सूचना होती. सूचकांनी आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ दाखला दिला तो बुद्धिबळाच्या संकेतस्थळांचा. "तिथे डावपेचांवरचा एक लेख वाचायचा म्हटला तरी आधी पैसे मोजावे लागतात. खेळावरच्या लेखाला जर एवढा मान, तर साहित्यावरच्या लेखाला का नसावा?" असा त्यांचा सवाल होता. निर्णय पुढील सभेवर सोपवला गेला आहे. तोवर आम्हांला जे सांगावयाचे आहे ते येथे स्पष्टपणे सांगून टाकतो. आमचा आक्षेप केवळ सूचनेला नाही. ज्या दाखल्याच्या आधारावर ती उभी आहे, त्या दाखल्यालाच आहे.

काकतीच्या वाचनकक्षात शनिवारी दुपारी आम्ही मुलांसाठी बुद्धिबळाचे चार पट मांडतो, हे वाचकांना माहीत आहे. गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत दोनदा एकाच तऱ्हेने हरून आला. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तो 'फ्रेंच बचाव' खेळत असे, आणि पांढऱ्या घरांवरून चालणारा त्याचा उंट दर वेळी स्वतःच्याच प्याद्यांच्या मागे कोंडून राही. शोधता शोधता त्याला एका परदेशी संकेतस्थळावर नेमका या कोंडलेल्या उंटावरचा लेख सापडला. पहिले तीन परिच्छेद त्याने शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. चौथ्या परिच्छेदात उपाय सुरू व्हायचा, तेथे पान धूसर झाले आणि वर्षाच्या वर्गणीचा आकडा डॉलरमध्ये पुढे आला. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. त्यांच्या घरी डॉलरचे व्यवहार होत नाहीत.

आमच्यापैकी तिघाचौघांनी पैसे एकत्र करून त्याला वर्षाचे सभासदत्व घेऊन दिले. मुलाने त्याचे सोने केले, वही भरून टिपणे काढली. वर्ष संपले. दुसऱ्या वर्षी आमच्याकडून पैसे भरायचे राहून गेले, आणि ज्या लेखांचे पैसे आम्ही एकदा दिले होते ते सारे लेख पुन्हा धूसर झाले. मुलाच्या हाती उरली ती त्याने स्वतः लिहून घेतलेली वही. त्याच कपाटात, वरच्या खणात, कोणा सभासदाने चाळीसएक वर्षांपूर्वी तीन रुपयांना घेतलेले बुद्धिबळाचे एक पुस्तक आहे. त्याची बांधणी सुटली आहे, समासात दोन वेगवेगळ्या हातांची पेन्सिलीची टिपणे आहेत, आणि आजही ते कोणालाही वाचता येते. तीन रुपये एकदाच दिले गेले होते.

या दोन खरेद्यांमधला फरक हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. लेखाला किंमत असावी, हे आम्हांला मान्य आहे. आम्हांला मान्य नाही ते कुलूप. पुस्तक विकत घेणारा त्याचा धनी होतो. तो ते मुलाला देतो, शेजाऱ्याला देतो, शेवटी वाचनालयाला देतो. संकेतस्थळाचा वर्गणीदार कशाचाच धनी होत नाही. तो भाडेकरू असतो, आणि भाडे थकले की त्याचे सामानही आत अडकते.

संकेतस्थळांच्या चालकांकडून यावर जे सांगितले जाते, ते आधी नीट ऐकून घेतले पाहिजे. लिहिणाऱ्याने खायचे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न योग्य आहे. बुद्धिबळाची एक खेळी सर्वांची असते. ती कोणाच्याही मालकीची नसते. २०१६ साली न्यूयॉर्कला कार्लसन आणि कार्याकिन यांची जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा संयोजकांनी इतर संकेतस्थळांना चालू डावातील खेळ्या दाखवण्यास मनाई व्हावी म्हणून अमेरिकेच्या न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. परंतु ती खेळी का केली, दुसरी का केली नाही, हे समजावून सांगणे हा मात्र लेखकाचा घाम आहे, आणि घामाचा दाम मिळालाच पाहिजे. आम्ही स्वतः वर्गणीवर चालणारे त्रैमासिक काढतो. फुकटेपणाचे गुणगान आम्हांला शोभणार नाही.

पण दाम मिळवण्याचा मार्ग कुलूप हा एकच आहे, असे मानण्याचे काय कारण? आपल्याच संगीताचा इतिहास पाहा. एक काळ असा होता की मोठमोठे उस्ताद अस्सल चिजा पोटच्या पोराखेरीज कोणाला देत नसत. कित्येक चिजा त्यांच्याबरोबरच मातीत गेल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे गावोगाव, घराण्याघराण्यांत हिंडले, चिजा गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या रूपाने छापल्या. 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' तर त्यांनी मराठीत लिहिली. ही पुस्तके फुकट वाटली गेली नाहीत. त्यांना किंमत होती. पण ज्याने एक प्रत घेतली त्याच्या घरातल्या चार पिढ्या तिच्यावर गायल्या. पुस्तके निघाल्यामुळे गुरूंचे महत्त्व कमी झाले का? उलट शिकणारे वाढले, आणि गुरूंकडे जाणारेही वाढले.

दुसरे म्हणणे असे की, ज्याला परवडत नाही त्याने वाचू नये, सक्ती कोणाला आहे? छंद हा शेवटी छंदच. येथे आमचा मतभेद तीव्र आहे. बुद्धिबळात आज जिंकणे-हरणे फार मोठ्या प्रमाणावर तयारीवर ठरते. मीर सुलतान खान यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पंजाबातून इंग्लंडला गेलेल्या या खेळाडूने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे पटकावली. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला. मोठे झाले ते आपल्याकडच्या देशी नियमांनी खेळत. तेथे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. युरोपीय ग्रंथांमध्ये साठलेले प्रारंभीच्या खेळ्यांचे शास्त्र त्यांना फारसे अवगत नव्हते, आणि डावाच्या सुरुवातीला त्याची किंमत त्यांना वारंवार मोजावी लागे. प्रज्ञा होती, पट होता. ग्रंथ तेवढा हाताबाहेर होता. सुलतान खान यांच्यासारखा एखादाच असा की जो हे अंतर केवळ बुद्धीने कापतो. आमच्या शनिवारच्या पटांवर बसणारी मुले सुलतान खान नाहीत. ती हुशार, साधी मुले आहेत. लेखाच्या चौथ्या परिच्छेदावर कुलूप लावणे म्हणजे त्यांच्या आणि शहरातल्या पैसेवाल्या घरच्या मुलांच्या मध्ये भिंत उभी करणे होय. ही भिंत खेळाने घातलेली नाही, दुकानदाराने घातली आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत बळकट वाटते: कुलूप काढले तर संकेतस्थळ बुडेल. यावर उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, घडलेल्या गोष्टी पुरेशा आहेत. आंतरजालावर दूरदूरच्या लोकांनी एकमेकांशी बुद्धिबळ खेळावे म्हणून १९९२ साली एक व्यवस्था सुरू झाली. ती हौशी लोकांनी चालवली, हौशी लोकांनीच तिच्यातले दोष काढले, सुधारणा सुचवल्या, नवख्यांना शिकवले. कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल स्लीटर यांनी तिचे काम पुढे हाती घेतले, आणि मार्च १९९५ मध्ये तिचे 'इंटरनेट चेस क्लब' असे नामकरण होऊन वर्षाला ४९ डॉलर वर्गणी लागू झाली. स्लीटर यांनी त्यासाठी पुष्कळ मेहनत केली होती, यात शंका नाही. पण आपल्या रिकाम्या वेळातून ती जागा उभारणाऱ्यांना वाटले, की आपण बांधलेल्या धर्मशाळेत आता आपल्यालाच भाडे मागितले जात आहे. त्यांच्यापैकी काहींनी त्याच महिन्यात दुसरी, विनामूल्य जागा उभी केली. पुढे २०१० साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने 'लीचेस' सुरू केले. तेथे वर्गणी नाही, जाहिरात नाही, कोणताही धडा कुलपाआड नाही. ते एका धर्मादाय संस्थेच्या नावे चालते आणि जगभरच्या खेळणाऱ्यांनी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांवर पंधरा वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. तेव्हा कुलूप काढले की दिवाळे निघते, हे म्हणणे खरे नाही.

याउलट कुलूप लावले म्हणजे दुकान टिकतेच, असेही नाही. 'चेस ट्वेंटीफोर' हे २०१४ साली सुरू झालेले, नामवंत ग्रँडमास्टरांची पैसे भरून पाहायची व्याख्याने असलेले संकेतस्थळ २०२२ च्या अखेरीस एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेले आणि २०२४ च्या आरंभी बंद झाले. तेथले काही साहित्य नव्या मालकाने सांभाळले असे धरून चालू. तरीही काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे पैसे दिलेल्या वाचकाला कोणी विचारत नाही. वाचनालयातले पुस्तक प्रकाशक बुडाला म्हणून कपाटातून नाहीसे होत नाही.

आता कोणी म्हणेल, की मग 'लीचेस' आहे ना. मुलांना तेथे पाठवा आणि तक्रार सोडा. आम्ही पाठवतोच. पण तेथले धडे पुष्कळसे इंग्रजीत आहेत आणि विखुरलेले आहेत. कोणत्या वयाच्या मुलाने काय आधी वाचावे, हे सांगणारा माणूस तेथे शेजारी बसलेला नसतो. आणि येथेच आम्हांला आपल्याकडे वळून पाहावे लागते, कारण परक्यांच्या कुलपांवर बोट ठेवताना आपल्या कमरेच्या किल्ल्या विसरून चालणार नाही.

आपल्या भागाला बुद्धिबळ नवे नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. छापील रूपातल्या भारतीय बुद्धिबळ-ग्रंथांत त्याचे स्थान फार आरंभीचे आहे. येथून दोनतीन तासांच्या अंतरावरील सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे आयुष्यभर हा खेळ वाढवला. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्या सांगलीच्या. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपदापासून वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी मराठी घराघरांत मुलींच्या हाती पट दिला. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या वाचनकक्षात पटांची संख्या चारावरून सहा करावी लागली. असा वारसा असताना, आमच्या कपाटात डावपेचांवरची मराठी पुस्तके किती आहेत? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि आपल्या घरांत काय आहे? काकती, होनगा, कडोली, कंग्राळी या पट्ट्यातल्या जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर बांधीव मासिके आहेत, पोथ्या आहेत, आजोबांच्या हातच्या वह्या आहेत. देशी पद्धतीचा डाव कसा मांडत, बुर्जी कशाला म्हणत, प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची का गणली जाई, हे सांगू शकणारे वडीलधारे आपल्यात अजून आहेत. विचारायला गेले की, "ते आमच्या घरचे आहे, बाहेर देत नाही" असे उत्तर मिळते, किंवा "आता कोणाला हवे आहे ते" असे मिळते. दोन्ही उत्तरांचा परिणाम सारखाच. परदेशी संकेतस्थळाच्या कुलपाला निदान किंमत दिली की ते उघडते. आपली कुलपे गंजून बसली आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे हेही घरात ठाऊक नसते.

ज्ञानदेवांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये जे केले त्याची पारायणे आपण करतो. संस्कृताच्या कुलपाआड असलेले गीतार्थाचे धन त्यांनी लोकभाषेत आणले, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या अभिमानाची कसोटी अशा लहानसहान प्रसंगीच लागते. कर्नाटकात राहून मराठी टिकवायची म्हणजे काय करायचे, यावर आपण या पानांतून कित्येकदा लिहिले. आमच्या मते त्याचे एक साधे उत्तर आहे. मुलाला जे हवे आहे, ते मराठीत मिळाले पाहिजे. त्याला कोंडलेल्या उंटाची सुटका हवी असेल, तर ती मराठीत मिळाली पाहिजे. केवळ भाषेवरचे प्रेम शिकवून भाषा टिकत नाही. भाषेत काही सापडते, अशी सवय लागावी लागते. आणि सापडणाऱ्या गोष्टीवर कुलूप असेल, तर मूल दुसऱ्यांदा शोधायला येत नाही.

म्हणून पुढील सभेपुढे आम्ही चार गोष्टी ठेवीत आहोत. पहिली: त्रैमासिकाचा चालू अंक वर्गणीदारांचा असावा, त्यांनी तो आधी वाचावा, हे रास्तच आहे, परंतु वर्ष उलटलेला प्रत्येक अंक सर्वांना विनाअट खुला असावा. खेळाच्या संकेतस्थळांनीही हाच नियम पाळावा, अशी आमची अपेक्षा आहे. ताज्या लेखाचे पैसे जरूर घ्या, शिळ्या लेखावर पहारा बसवू नका. दुसरी: ज्याने एकदा पैसे दिले, त्याला त्या काळातले लेखन उतरवून घेऊन कायमचे जवळ ठेवता आले पाहिजे. तिसरी: लेखकाला मानधन मिळावे. आपले मंडळ आजवर लेखकाला नारळ आणि अंकाच्या दोन प्रती देत आले आहे. कुलपाला विरोध करणाऱ्यांनी हा दोष आधी स्वतःच्या पदरात घ्यावा; वर्गणी वाढवावी लागली तर वाढवावी, आम्ही प्रथम भरू.

चौथी गोष्ट कामाची आहे. कापाब्लांकाचे 'चेस फंडामेंटल्स' हे १९२१ सालचे पुस्तक आजही नवख्या खेळाडूचा उत्तम गुरू मानले जाते. कापाब्लांका १९४२ साली वारला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. तेव्हा या पुस्तकाचे मराठी भाषांतर करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मूळ इंग्रजी पुस्तक 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'च्या संग्रहात विनामूल्य वाचायला मिळते. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, इंग्रजी जाणणारे आहेत, पट जाणणारे आहेत. दर अंकात चार पाने दिली, तर काही वर्षांत सबंध पुस्तक मराठीत उभे राहील, आणि त्यावर कोणालाही कुलूप लावता येणार नाही, असे आपण पहिल्याच पानावर छापून टाकू.

खर्चाचे काय, हा प्रश्न सभेत येणारच. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला साहित्य संमेलने भरतात, ती आपण दरवर्षी पाहतो. ग्रंथदिंडी निघते, मांडव पडतो, व्याख्याने होतात. गाव आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देते. पण मांडवाच्या तोंडाशी कोणी पावती तपासत उभा नसतो. ज्याने हजार दिले तो आणि ज्याने काहीच दिले नाही तो, दोघेही त्याच सतरंजीवर बसून ऐकतात. या रीतीने आपली संमेलने बुडालेली नाहीत. १८४८ साली स्थापन झालेले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आजही उभे आहे, तेही कुलपाच्या जोरावर नव्हे. ज्यांनी ते स्थापले त्यांनी आपली पुस्तके आपल्या घरी ठेवली असती, तर ती वाळवीने केव्हाच खाल्ली असती.

राहता राहिला तो कोंडलेला उंट. ज्या उपायासाठी आमच्याकडे डॉलर मागितले गेले, तो येथे सांगून टाकतो. वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे लोटून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यांच्या साखळीला तिच्या मुळाशी धक्का द्यावा. मग त्याच बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवावे, उंटाला कडेच्या घरात काढावे आणि पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी त्याची अदलाबदल करून टाकावी. इतकेच. तो मुलगा आता दहावीत आहे, आणि गेल्या शनिवारी त्याने हीच गोष्ट पाचवीतल्या एका मुलीला पटावर मांडून दाखवली. तिच्याकडून त्याने काही घेतले नाही.